नाव लांब आहे, बसत नाही

सरांनी प्रिंटरमधून कागद ओढला. छपाई पूर्ण व्हायच्या आधीच. टर्रकन आवाज झाला, कागद तिरका फाटला. वरच्या बाजूला विद्यापीठाचं नवीन नाव तेवढं आलं होतं. दोन ओळींत.

त्यांनी ते वाचलं. मग म्हणाले,

"नाव लांब आहे. बसत नाही."

मी म्हटलं, "दोन ओळींत बसवलंय सर. खालचं काही सरकत नाही. मी सगळे दाखले छापून बघितले."

"बसत नाही म्हटलं ना."

"सर, एकदा बघा तर..."

"तुमचं नाव लागलं ना तिकडं कमानीवर? मोर्चे काढून, जाळपोळ करून लावून घेतलंत ना? आता माझ्या कागदावर पण पाहिजे?"

कागदाचा बोळा केला. टाकला. माझ्या पायापाशी येऊन पडला.

"उचल."

खिडकीला दाखल्यासाठी पोरं उभी होती. ती आत वाकून बघायला लागली. शेजारच्या टेबलावर मॅडम होत्या. माझ्याच वयाच्या, माझ्याबरोबरच लागलेल्या. त्यांना सर 'मॅडम' म्हणायचे, मला 'अगं'. मॅडमनी पडद्यावरची नजर काढली नाही.

मी वाकले. बोळा उचलला. कचऱ्याच्या डब्यात टाकला.

वाकायचं असं मी ठरवलं नव्हतं. अंग आपोआप वाकलं. हुकूम ऐकला की वाकायचं, हे अंगाला माझ्या आधी माहीत होतं. जागेवर येऊन बसले. हात की-बोर्डवर.

परभणीतल्या एका कॉलेजातली ही गोष्ट. संक्रांतीला विद्यापीठाचं नामांतर जाहीर झालं, त्यानंतरच्या उन्हाळ्यातली.

आमच्या खोलीत कॉम्प्युटर होते, सर त्या खोलीचे प्रमुख. तेव्हा गावात मोजक्याच ठिकाणी असायचे. खोली थंड ठेवायची, चपला बाहेर काढायच्या. आमच्याकडं एक प्रोग्राम होता, कॉलेजच्या ऑफिसचा. प्रवेश, हजेरी, चाचणीचे गुण, बोनाफाईड, टीसी, सगळं त्यातून निघायचं. पुण्याच्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी तो लिहिलेला. त्यांनी विकला नाही. आतलं लिखाण कुलपात ठेवलं नाही. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावा, चूक दिसली तर दुरुस्त करावी, आणि दुरुस्ती सगळ्यांना द्यावी, एवढीच त्यांची अट. आपल्या भागातल्या कॉलेजांसाठी त्याचा संच आमच्या खोलीतून जायचा. फ्लॉप्यांवर. तो सांभाळायचं काम माझं.

मूळ प्रोग्रामला हात लावायचा नाही. प्रत्येक दुरुस्तीची वेगळी छोटी फाइल. तिला पॅच म्हणायचं. पॅचमध्ये एवढंच लिहिलेलं असायचं, की अमुक ओळ काढा, तिच्या जागी ही ओळ घाला. कुणी केली, कशासाठी केली, तेही वर लिहायचं. कुठला पॅच आधी लावायचा, कुठला नंतर, त्याची एक क्रमाची फाइल. क्रम चुकला की एक दुरुस्ती दुसरीला खायची. कॉलेजं आपापले पॅच पाठवायची, मी ते लावून बघायची, चालले तर संचात घ्यायची. वालूरहून एकांनी पाठवलेला पॅच मला अजून आठवतो. पालक म्हणून आईचं नाव चालावं, एवढ्यासाठी तो होता. सरांनी तो लगेच घेतला. त्यावर एका कार्यक्रमात भाषणही केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

माझी माय विचारायची, "दिसभर काय करायलीस गं त्या डब्यापुढं?"

मी सांगितलं.

"म्हंजी ठिगळं लावायलीस."

"ठिगळंच."

"मंग निगुतीनं लाव. उसवलं की लोक लावणारीला शिव्या देत्यात."

हे सगळं मला सरांनीच शिकवलं. ते नाकारत नाही. मॅनेजमेंटला मी नको होते. सर त्यांच्याशी भांडले. त्यांनी मला शेजारी बसवून एकेक ओळ समजावली. माझ्या चुकीवर कधी ओरडले नाहीत. माणूस हुशार. आपल्या कामात पक्का. जातीविरुद्ध बोलायचा, लिहायचाही. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले होते,

"पॅच कुणाचा आहे ते बघायचं नाही. चालतो का ते बघायचं. चालला तर पास, नाही चालला तर नापास. तिसरं काही नाही."

मला वाटलं, आयुष्यात एक खोली तरी सापडली जिथं असं आहे.

पाहुणे आले की सर मला पुढं करायचे. "ही आमच्याकडची मुलगी. त्यांच्यातली आहे, पण काम बघा किती स्वच्छ." पाहुणे माझ्याकडं बघून हसायचे. मी पण हसायची. 'पण' हा शब्द मी ऐकायची आणि ऐकला नाही असं करायची. नोकरी होती. पंखा होता डोक्यावर. माझी माय जिनिंगच्या धुराळ्यात सरकी निवडत होती. मी कशाला 'पण' धरून बसू?

आता जाळपोळीचं सांगते. सर म्हणाले ना, जाळपोळ करून नाव लावून घेतलंत.

मी लहान होते. शाळेत नुकतीच घातलेली. आमचं गाव याच जिल्ह्यातलं, नाव सांगत नाही. विद्यापीठाला नाव द्यायचं ठरलं अशी बातमी रेडिओवर आली, आणि थोड्या दिवसांत आमची वस्ती पेटली. दिवसाढवळ्या. पेटवणारे ओळखीचे होते. ज्यांच्या शेतात माझी माय खुरपायला जायची, त्यांचीच पोरं. मायनं मला उचललं, धाकट्या भावाला पोटाशी धरलं, आणि ज्वारीत शिरली. ज्वारीची पानं तोंडाला कापत होती. रडले तर तिनं माझ्या तोंडात पदराचा बोळा घातला. बाहेर आलो तेव्हा घर नव्हतं. कणगी जळाली होती. ज्वारी भाजल्याचा वास येत होता, आणि मला त्या वासानं भूक लागली. ते मला अजून सहन होत नाही, की मला तेव्हा भूक लागली.

आमच्या वस्तीतलं एकही माणूस तोवर विद्यापीठात गेलेलं नव्हतं. पेटवणाऱ्यांतलंही नव्हतं. कुणीच ते विद्यापीठ बघितलेलं नव्हतं. तरी घरं आमची जळाली.

माझा बा नामांतराच्या सत्याग्रहात गेला, जेलात जाऊन आला. गावात त्याला कुणी काम देईना. दुकानदार मीठ देईना. मग आम्ही परभणीला आलो, ते आलोच. संक्रांतीला नाव जाहीर झालं तेव्हा वस्तीत गुलाल उधळला, पोरं नाचली. बा ओट्यावर बसून होता. नवीन नाव एकटं दिलं नव्हतं, जुन्या नावाला जोडून दिलं होतं. तो एवढंच म्हणाला, "दिलं, पर हात आखडून दिलं." आणि उठून मायला साखर आणायला सांगितली. साखर वाटली आम्ही. जे मिळालं त्याची वाटली.

पाथरीहून पॅच आला तो एप्रिलात. पोस्टानं नाही. तिथल्या कॉलेजचे कारकून गोविंदराव स्वतः जीपनं घेऊन आले. फ्लॉपी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून शर्टाच्या आत धरलेली, घाम लागू नये म्हणून. गोविंदराव मराठ्याचे. थोडी कोरडवाहू जमीन, वर ही कारकुनी. रात्रीच्या कॉलेजात शिकलेले नाहीत, कुठं कोर्स केलेला नाही, मशिनपुढं बसून बसून शिकले.

"ताई, जुन्या नावाचे दाखले परत यायलेत," ते म्हणाले. "पोरांचे स्कॉलरशिपचे अर्ज अडकलेत. वरच्या ऑफिसला नवीन नाव पाहिजे. प्रोग्राम काई ते छापीना. नाव एका ओळीत मावत न्हाई, शेवट कापला जातो. मी दोन ओळी केल्यात. बघा बरं चालतंय का."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांच्या ते लक्षात आलं.

"मला त्या भांडणात पडायचं न्हाई," ते म्हणाले. "मला दाखला पाहिजे."

हे मला आवडलं. खरं बोलणं होतं.

मी पॅच लावला. बोनाफाईड छापलं. टीसी छापली. गुणपत्रक छापलं. इतर पॅचांच्या आधी लावून बघितला, नंतर लावून बघितला. कुठं काही मोडलं नाही. क्रमाच्या फाइलीत त्याची ओळ घातली आणि सरांना दाखवायला शेवटचा एक कागद प्रिंटरवर सोडला. पुढं काय झालं ते मी आधीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सर शांत होते. चहा मागवला. माझ्यासाठीही मागवला. "काल ऊन फार होतं," म्हणाले. तीच त्यांची माफी असावी. मी चहा घेतला.

मग त्यांनी माझ्या मशिनपाशी खुर्ची ओढली. क्रमाच्या फाइलीतून गोविंदरावांच्या पॅचची ओळ त्यांनी आदल्या दिवशीच काढून टाकली होती. म्हणाले, "आता संचाची माहिती लिहून टाक. प्रवेश सुरू व्हायच्या आत फ्लॉप्या गेल्या पाहिजेत. पाथरीच्या पॅचपुढं लिही, चाचणीत नापास. तपासणारी म्हणून तुझं नाव घाल."

मी टाइप करायला लागले. पाथरी. कारकुनाचं नाव. दाखल्यांवरचा विद्यापीठाचा मथळा. चाचणीत.

तिथं थांबले.

'काढलेला राहू दे' एवढंच म्हणाले असते तर मी कदाचित राहू दिला असता. आदल्या दिवशी बोळा उचललाच होता. पण तो नुसता काढून त्यांचं भागत नव्हतं. त्यांना माझ्याकडून लिहून हवं होतं, की ते नाव चालत नाही. माझ्या हातानं. खाली माझं नाव घालून. म्हणजे उद्या कुणी विचारलं तर बोट दाखवायला, बघा, त्यांच्यातल्याच मुलीनं नापास केलाय.

"सर, तो पास आहे."

"मला माहीत आहे."

असं म्हणाले. सरळ. "मला माहीत आहे. तरी लिही."

"नाही लिहिणार."

मॅडमचं टायपिंग बंद झालं. सरांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. मग अगदी हळू आवाजात म्हणाले,

"तुला इथं कुणी आणलं?"

"तुम्ही."

"कुणालाच नको होतीस तेव्हा कोण भांडलं?"

"तुम्ही सर."

"मग?"

त्या 'मग'मध्ये सगळं होतं. शिकवलेली एकेक ओळ होती, चहा होता, पंखा होता. आणि त्या सगळ्याची वसुली होती. मी त्या 'मग'कडं आत्तापर्यंत कधी बघितलंच नव्हतं. मला वाटायचं, सरांनी दिलं. दिलं नव्हतं. हातात ठेवलं होतं. मागायचा दिवस यायचा होता, तो आला.

"मग काही नाही सर. पॅच पास आहे."

ते उठले आणि प्राचार्यांकडं गेले. दार जोरात लागलं.

मी टाइप केलं, पास. खाली माझं नाव घातलं. क्रमाच्या फाइलीत ती ओळ परत घातली. मग कोऱ्या फ्लॉप्या काढल्या आणि संचाच्या प्रती करायला लागले. मशिन घरघर करत एकेक फ्लॉपी भरत होतं. मॅडम जवळ आल्या, म्हणाल्या, "अगं, नोकरी जाईल." मी म्हटलं, "जाईल." त्यांनी पर्स उचलली आणि बाहेर जाऊन बसल्या. साक्षीला राहायचं नव्हतं त्यांना.

पाकिटं केली. पत्ते घातले. दरवर्षीप्रमाणं एसटी स्टँडवर नेऊन कंडक्टरांच्या हातात दिली. पाथरी, सेलू, जिंतूर, वालूर. भर दुपारी, सगळ्यांसमोर. परत आले. सर खोलीत एकटेच बसले होते. मी म्हटलं, "संच पाठवला सर. पाथरीचा पॅच त्यात आहे." लपवून काही करायचं नव्हतं मला.

ते माझ्याकडं बघत राहिले. जणू टेबलच उठून बोललं होतं.

आठवड्याच्या आत मला काढलं. आणि आमच्या कॉलेजनं बाकीच्या सगळ्या कॉलेजांना कळवलं, की या वेळच्या फ्लॉप्यांत व्हायरस आहे, मशिनला लावू नयेत, नष्ट कराव्यात. तेव्हा व्हायरस म्हणजे काय हे कुणाला नीट माहीत नव्हतं. फ्लॉपीला हात लावला तरी काहीतरी होईल असं वाटायचं लोकांना. एका कॉलेजात शिपायानं ती पाकिटं काठीनं ढकलत उकिरड्यापर्यंत नेली, असं माझ्या कानावर आलं. काठीनं. हातानं नाही.

ते ऐकून मी रडले नाही. मला एकदम सगळं ओळखीचं वाटलं.

घरी सांगितलं तेव्हा माय बोलायला लागली. आता कसं करावं, कुणाच्या पाया पडावं. बानं तिला थांबवलं. "माझं गावातलं काम गेलं तवा मी घरी येऊन काय बोललो व्हतो?"

"काईच न्हाई," माय म्हणाली.

"मंग हिलाबी काई विचारू नको."

मे महिन्यात सर आमच्या वस्तीत आले. स्कूटरवर. पहिल्यांदाच. बानं बाज टाकली. "बसा सर." सर बसले नाहीत, घाई आहे म्हणाले. मायनं तांब्या-पेला आणला. "आत्ताच पिऊन आलो." ऊन नुसतं भाजत होतं, सरांच्या शर्टाची पाठ भिजलेली होती. ओठ सुकलेले होते. पण आत्ताच पिऊन आले होते.

म्हणाले, "पोरं मोर्चा आणणार आहेत कॉलेजवर. तुझ्या नावानं. भडकलीत. तू एक कर. लिहून दे, की जे झालं त्यात जातीचा संबंध नव्हता. कामातला मतभेद होता. मी तुला परत घेतो. शब्द देतो."

"संबंध होता का नव्हता सर?"

"मी जात मानतो? तूच सांग."

"तुमचं नाव लागलं ना, असं म्हणालात तुम्ही. तुमचं म्हणजे कुणाचं?"

ते स्कूटरच्या हँडलकडं बघायला लागले. "रागात माणूस बोलून जातो."

"रागात प्रत्येकाला वेगळं सुचतं सर. तुम्हाला तेच का सुचलं?"

बा, माय, शेजारपाजारचे, सगळे उभे होते. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. "मी तुझ्यासाठी एवढं केलं," ते म्हणाले. ते पाणी खोटं नव्हतं. पण ते माझ्यासाठी नव्हतं. त्यांच्या मनात स्वतःची जी चांगली मूर्ती होती, तिला तडा गेला म्हणून ते रडत होते. आणि तो तडा मी बुजवून द्यावा म्हणून उन्हात इथवर आले होते.

"मी लिहून देणार नाही सर."

स्कूटर वळवताना त्यांचा पाय घसरला. बानं पुढं होऊन स्कूटर धरली. सर थँक्यू म्हणाले नाहीत.

मोर्चा निघाला. घोषणा झाल्या. प्राचार्यांनी निवेदन घेतलं, चौकशी करू म्हणाले. चौकशी झाली नाही. दुसऱ्या कुठल्या कॉलेजानं मला घेतलं नाही, व्हायरसवाली म्हणून माझं नाव झालेलं. जून आला. बऱ्याच कॉलेजांतून जुन्याच नावाचे दाखले निघत राहिले आणि परत येत राहिले. पोरं हेलपाटे घालत राहिली. आमची, आणि त्यांचीही. काही पोरांनी अर्ज सोडून दिले. त्यांतलं कोण पुढं शिकलं, कोण नाही, मला माहीत नाही.

त्या उन्हाळ्यात मी एकटी बसून लय विचार केला. मी ज्याला सरांची खोली म्हणत होते, सरांचा नियम म्हणत होते, त्यातलं सरांचं काय होतं? प्रोग्राम म्हाताऱ्या प्राध्यापकांनी सगळ्यांना दिलेला. पॅच पाथरीचे, सेलूचे, वालूरचे. सर दारात उभे होते, एवढंच. आणि मी इतके दिवस दारातल्या माणसाचे उपकार मानत होते. जे सगळ्यांचं आहे ते माझंही आहे. ते मला कुणी देऊ शकत नाही, म्हणून कुणी काढूनही घेऊ शकत नाही. हे मला फार उशिरा कळलं. पण कळलं ते पुरं कळलं.

जुलैत मी पाथरीला गेले. गोविंदरावांच्या कॉलेजात एकच मशिन होतं, रविवारी बंद असायचं. गोविंदरावांनी त्यांच्या प्राचार्यांना विचारलं. प्राचार्य कुरकुरले, मग म्हणाले, तुम्ही सोबत बसत असाल तर बसू द्या. तेव्हापासून दर रविवारी मी पहिल्या एसटीनं जायला लागले. गोविंदराव बाजूला पेपर वाचत बसायचे. आम्ही फार बोलायचो नाही. नामांतरावर तर कधीच बोललो नाही. ते माझे कैवारी नव्हते, आणि मला कैवारी नकोच होता.

तिथून मी संच पुन्हा पहिल्यापासून बांधला. मूळ प्रोग्राम आणला, एकेक पॅच लावला, तपासला, क्रम लावला. विद्यापीठाच्या नावाचा पॅच सगळ्यांत आधी ठेवला. बाकीचे त्याच्यानंतर. तो काढला तर पुढचं काहीही लागणार नाही, असा क्रम केला. तांत्रिक गरज नव्हती त्याची. मी मुद्दाम केलं.

आणि संचाबरोबर प्रत्येक कॉलेजला लिहिलं. सेलूला, जिंतूरला, वालूरला, परभणीच्या त्या कॉलेजलाही, सरांच्या नावानं. लिहिलं, की हा संच आता पाथरीहून निघेल आणि मी तो सांभाळेन. कुठल्याही दुरुस्तीबद्दल बोलायचं असेल तर बोला. विद्यापीठाच्या नावाबद्दल बोलायचं नाही. ज्याला ते नाव नको असेल त्यानं 'मला हे नाव नको' असं स्वच्छ अक्षरात लिहावं, खाली पूर्ण सही करावी आणि मला पाठवावं. तोंडी चालणार नाही.